फिर्याद कोणी करावी?



कायद्याने मनुष्य सुधारतो काय, हा प्रश्न आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत वारंवार निघत असतो. दारूची गोष्ट निघाली, हुंड्याची निघाली, की कोणी वडील सभासद म्हणतात, "कायदे करणारे दिल्लीस बसतात आणि मोडणारे गावात बसतात; अंतःकरण पालटल्यावाचून काही होत नाही." हे म्हणणे सुवार्तेच्या शिकवणुकीस धरून आहे असे दिसते, म्हणून ते ऐकून आपण मान डोलावितो आणि घरी जातो. परंतु आम्हांस असे वाटते की, ह्या खऱ्या बोलाच्या आडोशास बसून आपण पुष्कळ वेळा आपल्या भित्रेपणास विश्वासाचे वस्त्र नेसवीत असतो. म्हणून आज एका कायद्याची हकीकत वाचकांपुढे ठेवून, त्या आधारे ह्या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. तो कायदा म्हणजे बालविवाहास आळा घालणारा, लोक ज्यास शारदा कायदा म्हणतात तो होय.

पुष्कळांची अशी समजूत आहे की, ह्या कायद्याचे नाव देवलांच्या 'संगीत शारदा' ह्या नाटकावरून पडले. ते नाटक १८९९ साली रंगभूमीवर आले, आणि म्हाताऱ्या नवऱ्यास विकल्या जाणाऱ्या त्या मुलीचे दुःख महाराष्ट्रात घरोघर पोहोचले हे खरे. परंतु नावाचे साम्य हा केवळ योगायोग आहे. कायद्यास नाव पडले ते अजमेरचे श्री. हरबिलास सारडा ह्यांच्यावरून. ते त्या वेळच्या मध्यवर्ती कायदेमंडळात अजमेर-मेरवाडा प्रांताचे सभासद होते. त्यांच्या हाती कोणतेही सरकारी खाते नव्हते. साध्या सभासदासही बिल, म्हणजे कायद्याचा मसुदा, सभेपुढे मांडता येतो. तो सभेने वाचावा, निवडक सभासदांच्या समितीने तपासावा, आणि पुरेशी मते पडली तर त्याचा कायदा व्हावा, अशी ही रीत आहे. बहुतेक खासगी सभासदांची बिले वाटेतच मरतात. श्री. सारडा ह्यांनी विधवांना वारसाहक्क मिळावा म्हणून दुसरे एक बिल मांडले होते, ते मंजूर झाले नाही. त्या बाबतीत काही पदरात पडण्यास १९३७ साल उजाडावे लागले, आणि ते मुंबईचे डॉ. देशमुख ह्यांच्या बिलाने पडले. एकाने पेरावे व दुसऱ्याने कापणी करावी, हा नियम कायदेमंडळातही चालतो.

श्री. सारडा हे कोण होते, हे आपल्या वाचकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे. त्यांचा जन्म १८६७ सालचा. ते स्वामी दयानंदांचे निष्ठावंत अनुयायी आणि त्यांच्या परोपकारिणी सभेचे चिटणीस होते. हिंदु लोकांच्या श्रेष्ठत्वाविषयी त्यांनी १९०६ साली इंग्रजीत एक मोठा ग्रंथ लिहिला होता. म्हणजे आपल्या धर्माचा व पूर्वजांचा ज्यांस पराकाष्ठेचा अभिमान, अशांपैकी ते एक होते. अशा मनुष्याने आपल्याच समाजाच्या अंगावरील व्रण सर्व देशादेखत उघडा केला. ज्याचे आपल्या लोकांवर खरे प्रेम असते तो त्यांचे दोष झाकीत नाही. ते दूर करण्यासाठी त्यांचीच बोलणी खातो. वाटेत पडलेल्या जखमी मनुष्याजवळून याजक व लेवी निघून गेले आणि शोमरोनी थांबला, ही कथा आपण मुलांना शिकवितो. तेव्हा चांगले काम कोणाच्या हातून झाले हे पाहून त्याची किंमत ठरविण्याचा अधिकार आपणांस नाही.

हा व्रण जुना होता. आपल्या मुंबईतच डॉ. रखमाबाई ह्यांचा खटला १८८४ साली उभा राहिला. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या त्या बाईने वयात आल्यावर त्या नवऱ्याच्या घरी जाण्याचे नाकारिले. न्यायाधीशाने १८८७ साली नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा असे फर्माविले, तेव्हा आपण तुरुंग पत्करू असे तिने कळविले. पुढे तडजोड झाली, आणि तीच बाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाली. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडिले, तेव्हा त्या दारात येणाऱ्या बालविधवा ह्याच रूढीची साक्ष देत होत्या. १८९१ साली सरकारने संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली. तेवढ्यानेही केवढे वादळ उठले! परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, असा लोकमान्य टिळकांसारख्यांचा त्यावर आक्षेप होता.

अशा स्थितीत १ फेब्रुवारी १९२७ रोजी श्री. सारडा ह्यांनी आपले बिल मांडिले. आरंभी ते हिंदूंपुरतेच होते. मुलीचे वय बारा आणि मुलाचे पंधरा ह्यांच्या आत झालेले लग्न रद्द समजावे, असा त्याचा आशय होता. समितीने त्यात मोठे फेरफार केले. लग्न रद्द करण्याचे काढून टाकून लावणाऱ्यास शिक्षा ठेविली. मुलीचे वय चौदा व मुलाचे अठरा केले. आणि जे हिंदूंपुरते होते ते सर्व धर्मांच्या लोकांस लागू केले. पुढे अमरावतीचे सर मोरोपंत जोशी ह्यांच्या अध्यक्षतेखाली संमतिवयाची चौकशी करण्यास एक कमिटी बसली होती. तिचा अहवाल येईपर्यंत बिलावरील चर्चा लांबविण्यात आली. १९२७ सालच्या जानेवारीत पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेतील स्त्रियांनी ह्या बिलाचा पाठपुरावा सोडिला नाही. शेवटी सप्टेंबर १९२९ मध्ये ६७ विरुद्ध १४ मतांनी ते मंजूर झाले, आणि १ एप्रिल १९३० पासून तो कायदा अमलात आला.

आता ह्या ठिकाणी आपण क्षणभर थांबू. कायदा मंजूर होणे आणि तो अमलात येणे ह्यांमध्ये सहा महिने होते. त्या सहा महिन्यांत काय झाले? मुली वाचल्या असे कोणास वाटेल. परंतु मुदत टळण्याच्या आत लग्ने उरकून घ्यावी म्हणून ठिकठिकाणी एकच घाई उडाली, आणि पाळण्यातल्या मुलांचीही लग्ने लागली. १९२१ सालच्या शिरगणतीत पंधरा वर्षांखालील विवाहित मुली सुमारे ८५ लाख होत्या. १९३१ साली त्या १ कोटी २० लाखांहून अधिक भरल्या. लोकसंख्येची वाढ जमेस धरूनही त्या आकड्यावर ह्या घाईची छाया पडलेली आहे. ज्यांस आरंभीचे ते वडील सभासद आठवत असतील ते म्हणतील, "पाहा, आम्ही म्हणत नव्हतो? कायद्याने पाप घटत नाही, उलट वाढते." प्रेषित पौलानेही नियमशास्त्राविषयी असेच काही रोमकरांस लिहिले आहे. परंतु त्याच पौलाने गलतीकरांस असेही लिहिले की, नियमशास्त्र हे मुलाचा हात धरून गुरूकडे नेणाऱ्या सेवकासारखे आहे. तो सेवक गुरू नव्हे, हे खरे; पण म्हणून त्याची गरज नाही असे होत नाही.

तर मग ह्या सेवकाचा हात कोठे अपुरा पडला? आमच्या मते ह्या कायद्यातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट त्यातील वयाची मर्यादा नसून फिर्यादीविषयीचे कलम ही आहे. पोलिसाने आपण होऊन काही करावयाचे नव्हते. कोणी फिर्याद दिली तरच न्यायालयाने दखल घ्यावयाची. तीही लग्नानंतर एका वर्षाच्या आत. फिर्याद चालावयाची ती जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटपुढे किंवा मुंबईसारख्या शहरातील प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटपुढे. शिवाय फिर्याद खोटी ठरल्यास भरपाई देता यावी म्हणून फिर्याद देणाऱ्याकडून शंभर रुपयांपर्यंत जामीन घेण्याची तरतूद होती. शिक्षा काय? फार तर एक महिन्याची साधी कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि लग्न झाले ते झालेच. ते मोडत नव्हते. लग्नाच्या आधी मनाईहुकूम काढण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला तो १९३८ सालच्या दुरुस्तीने. तोपर्यंत आठ वर्षे हा कायदा मांडव उतरल्यानंतरच गावात येऊ शकत होता.

त्या काळातील एका खेड्याचे चित्र डोळ्यांपुढे आणा. मुलगी दहा वर्षांची. बाप, मामा, पाटील, सर्व मांडवात. तिच्या वतीने जिल्ह्याच्या ठिकाणी कोण जाणार? शंभर रुपयांचा जामीन कोण देणार? आणि परत येऊन त्याच विहिरीचे पाणी कोण पिणार? तेव्हा कायदेमंडळाने ६७ मते मोजून घेतली, तरी एक मत मोजावयाचे राहून गेले, ते शेजाऱ्याचे. प्रत्येक गावात त्या बिलावर पुन्हा एकदा मत पडावयाचे होते, आणि तेथे बहुधा कोणीच हात वर केला नाही.

येथे आपण ख्रिस्ती लोकांनी फुशारकी मारू नये. आपल्यासाठी १८७२ साली जो ख्रिस्ती विवाहाचा कायदा झाला, त्याच्या साठाव्या कलमात देशी ख्रिस्ती लोकांच्या विवाहास वराचे वय सोळा व वधूचे तेरा वर्षांहून अधिक असले म्हणजे पुरे, असे लिहिले होते. म्हणजे आपणांस नियमाने जे तेरा वर्षे पुरत होते, ते ह्या आर्यसमाजी गृहस्थाच्या बिलाने चौदावर नेले. शेजाऱ्याच्या डोळ्यांतील कुसळाविषयी बोलताना हा आपला जुना आकडा आपण विसरू नये.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. मुलीचे वय १९४९ साली पंधरा झाले, १९७८ साली अठरा व मुलाचे एकवीस झाले, आणि आपल्या ख्रिस्ती विवाहाच्या कायद्यातही तेच आकडे घातले गेले. २००६ साली जुना कायदा जाऊन बालविवाह प्रतिबंधाचा नवा कायदा झाला. तो १ नोव्हेंबर २००७ पासून चालू आहे. आता पोलिसांस आपण होऊन कारवाई करिता येते; दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो; अल्पवयात ज्याचे किंवा जिचे लग्न लावले त्यास ते रद्द करून मागता येते; आणि लग्न लावणारा, मग तो भटजी असो, काजी असो की पाळक असो, शिक्षेस पात्र आहे. महाराष्ट्रात ज्यास आपण ग्रामसेवक म्हणत आलो तो ग्रामपंचायतीचा अधिकारीच गावात बालविवाह रोखणारा अधिकारी नेमलेला आहे. १०९८ ह्या क्रमांकावर मुलांच्या मदतीसाठी कोणासही फुकट फोन करिता येतो. जिल्ह्यास जाणे नको, जामीन नको.

असे असून २०१९ ते २०२१ ह्या वर्षांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत काय आढळले? वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी देशात शेकडा सुमारे तेवीस, आणि आपल्या महाराष्ट्रात शेकडा सुमारे बावीस, अशा होत्या की ज्यांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झाले होते. रखमाबाईंच्या महाराष्ट्रात अजून पाचांत एकीहून अधिक! कायद्याचा हात लांबला, परंतु शेजाऱ्याचे मत अजून पडावयाचेच आहे.

तर प्रश्न हा की, ते मत ख्रिस्ती मनुष्याने द्यावे काय? आपल्याच मंडळीतील बांधव आपल्या मुलीचे लग्न पंधराव्या-सोळाव्या वर्षी ठरवीत असेल, तर अधिकाऱ्यास कळविणे हे प्रीतीचे काम की विश्वासघाताचे?

विरुद्ध बाजूचे म्हणणे आम्ही हलके मानीत नाही. पहिला आक्षेप शास्त्राचाच आहे. करिंथ येथील मंडळीस पौलाने दोष लाविला की, भाऊ भावावर फिर्याद करितो आणि तीही अविश्वासी लोकांपुढे. त्यापेक्षा तुम्ही अन्याय का सोसून घेत नाही? आमचे पुष्कळ उपदेशक हा उतारा दाखवून म्हणतात, मंडळीची गोष्ट मंडळीत ठेवावी. परंतु वाचकहो, नीट पाहा. पौल कोणास अन्याय सोसावयास सांगत आहे? ज्याचे नुकसान झाले आहे, त्यास. माझे शेत भावाने बळकाविले, तर मी ते सोडून द्यावे. ती माझी क्षमा. परंतु भावाने आपल्या लेकरावर अन्याय केला, तर तो सोसून घेण्याचा अधिकार मला कोठून आला? आपला हक्क सोडणे ह्यास क्षमा म्हणतात; दुसऱ्याचा हक्क सोडून देणे ह्यास क्षमा म्हणत नाहीत. अंगरखा मागणाऱ्यास झगाही द्यावा, ही प्रभूची आज्ञा. पण तो झगा आपला असावा, शेजारच्या मुलीच्या अंगावरचा काढून देऊ नये.

दुसरा आक्षेप असा की, हा आईबापांचा अधिकार आहे. आईबापांचा मान राखावा ही आज्ञा मोशेला दिलेल्या पाटीवर लिहिलेली आहे. होय, आहे. परंतु लेकरांस चिरडीला आणू नये असे बापांसही लिहिलेले आहे. आईबाप हे लेकरांचे कारभारी आहेत, मालक नव्हेत. आणि कारभाऱ्यास एके दिवशी हिशेब द्यावा लागतो. लहानांपैकी एकास अडखळविण्यापेक्षा गळ्यात जात्याची तळी बांधून समुद्रात पडणे बरे, असे जो म्हणाला, त्याने त्यात आईबापांस सूट दिलेली आमच्या वाचनात आली नाही.

तिसरा आक्षेप, सरकारदरबारी जाऊन सांगणे हे चहाडीचे काम, ते देवाच्या लेकरांस शोभत नाही. ह्यावर आम्ही प्रेषितांच्या कृत्यांतील एक लहानशी हकीकत आठवून देतो. यरुशलेमेत चाळीसांहून अधिक मनुष्यांनी शपथ वाहिली होती की, पौलास जिवे मारल्यावाचून अन्नपाणी घेणार नाही. ही गोष्ट पौलाच्या बहिणीच्या मुलाच्या कानी आली. तो पोरगा. त्याने काय केले? तो गढीत जाऊन पौलास सांगता झाला, आणि पौलाने त्यास रोमी सरदाराकडे पाठविले. सरदाराने त्याचा हात धरून त्यास एकीकडे नेले, सर्व ऐकून घेतले, आणि त्याच रात्री पौलास सुरक्षित बाहेर काढिले. त्या मुलास कोणी चहाडखोर म्हणेल काय? त्याने ती बातमी पोटात ठेविली असती, तर मंडळीस पौलाच्या तुरुंगातील पत्रांची ओळखही झाली नसती. आणि हेही पाहा की, तो कृत्य घडल्यानंतर गेला नाही. घडण्याच्या आधी गेला. चहाडी आणि साक्ष ह्यांतील भेद एवढाच की, चहाडी शेजाऱ्यास पाडण्यासाठी असते, आणि साक्ष पडणाऱ्यास वाचविण्यासाठी असते.

येथवर आमचा निबंध वाचून कोणी उठेल आणि थेट फोन करील, तर आमचे अर्धेच म्हणणे त्याने ऐकले असे होईल. दुसरे अर्धे असे आहे की, ज्याने त्या बापाच्या ओसरीवर कधी पाय ठेविला नाही, त्याची फिर्याद स्वस्त असते. कायदा विचारतो, ह्याने काय केले? शेजाऱ्याने त्याच्या आधी विचारले पाहिजे, ह्यास भीती कशाची आहे?

आणि भीती असते. बीड जिल्ह्यातून, पाथर्डी-शेवगावच्या बाजूने दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस जी माणसे निघतात, त्यांतील कित्येक ह्या कथेतील आईबाप आहेत. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती बहुधा नवराबायकोच्या जोडीवर मिळते, आणि त्या जोडीसच 'कोयता' म्हणतात. उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत मुक्काम कारखान्याच्या कोपीत. वयात आलेली मुलगी बरोबर न्यावी, तर कोपीस दार नाही. घरी ठेवावी, तर घरात थकलेल्या आजीवाचून कोणी नाही. शाळा सातवी-आठवीच्या पुढे गावात नाही. अशा वेळी बापास वाटते, एक लग्न लावून दिले म्हणजे पोरीची काळजी मिटली, आणि एक कोयताही वाढला. हा बाप राक्षस नव्हे. तो भ्यालेला मनुष्य आहे. पण त्याने आपल्या भीतीचे ओझे, ज्यास ते सर्वांत कमी पेलते त्याच्या डोक्यावर ठेविले आहे. सोळाव्या वर्षी बाळंतपण, विसाव्या वर्षाच्या आत दोन लेकरे, हातात कोयता आणि अंगात रक्त नाही. हे त्या ओझ्याचे वजन आहे.

मग मंडळीने काय करावे? प्रभूने भावाचा अपराध दाखविण्याची रीत घालून दिली आहे: प्रथम एकट्याने जावे, मग दोघातिघांनी, मग मंडळीस सांगावे. ही रीत येथेही लागू आहे, परंतु ती रिकाम्या हातांनी पाळता येत नाही. जो पहिल्याने जाईल त्याने उपदेश नेण्याच्या आधी तोड न्यावी. "ह्या हंगामात तुझी मुलगी आमच्या घरी, आमच्या मुलींत राहील," असे म्हणणारे एक कुटुंब मंडळीत निघाले, तर अर्धी लग्ने सुपारी फुटण्याच्या आधीच थांबतील असा आमचा विश्वास आहे. जे दोघेतिघे पुढे जातील त्यांनी वसतिगृहात जागा आहे काय, शिष्यवृत्तीचा अर्ज कोठे द्यावयाचा, ही चौकशी करून जावे. आणि मंडळीने आपल्या वर्गणीतून काही पैसा ह्या कामास काढून ठेवावा. उपासनेत वर्गणी देताना आपण ती देवास दिली असे म्हणतो; तर तिच्यातून एका मुलीचे वर्ष विकत घेतले, म्हणजे ती योग्य ठिकाणी पोहोचली.

परंतु एक गोष्ट स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. लग्नाची तिथी आपल्या सभांसाठी थांबत नाही. पहिली भेट सोमवारी झाली, दुसरी लांबली, तिसरीस वडील मंडळी जमली नाही, आणि इतक्यात हळद लागली, असे होऊ देऊ नये. बाप ऐकत नाही आणि दिवस जवळ आला असे दिसताच, अधिकाऱ्यास कळवावे. ते मांडव पडण्याच्या आधी कळवावे. आणि शक्य असेल तेथे बापास सांगून कळवावे. "दादा, मी तुझ्या दारी तीनदा आलो. आता मी पंचायतीत जात आहे. आणि तेथून परत तुझ्याच दारी येणार आहे." असे ज्यास म्हणता येते, त्याची फिर्याद आणि त्याची प्रीती ह्या दोन वस्तू राहत नाहीत. मात्र सांगितल्याने मुलीस रातोरात दुसऱ्या गावी नेऊन उरकून टाकतील अशी धास्ती असेल, तर न सांगता जावे. तेथे बापाच्या मानापेक्षा मुलीचा जीव मोठा आहे.

आमच्या उपदेशक बंधूंस शेवटी दोन शब्द. बंधूंनो, तुमच्या पेटीत बाप्तिस्म्याची नोंदवही आहे. सर्व गावात मुलीचे खरे वय शाळेच्या दाखल्याखेरीज कोठे लिहिलेले असेल, तर ते तेथे. कोणीतरी संध्याकाळी तुमच्याकडे येईल, आदराने खाली बसेल, आणि म्हणेल, "गुरुजी, एक दोन वर्षांचा तर प्रश्न आहे, एक आकडा फिरवा." तो मनुष्य वर्गणी वेळेवर देणारा असेल, कदाचित तुमच्या आजारपणात त्याने तुमच्या घरी दूध पोहोचविले असेल. त्या वेळी दिल्लीचे कायदेमंडळ तुमच्याजवळ नसेल, पोलीस नसेल, पाळकसाहेबही नसतील. एक वही, एक लेखणी आणि तुम्ही. हरबिलास सारडा ह्यांनी अडीच वर्षे झगडून जे बिल मंजूर करून घेतले, ते त्या रात्री तुमच्या ओसरीवर पुन्हा मांडले जाईल. ज्या लेकरास तुम्ही पाण्याने बाप्तिस्मा देताना पाहिले, आणि ज्याच्यासाठी सर्व मंडळीने उभे राहून वचन दिले, त्याचा आकडा तसाच राहू द्या.

आरंभीच्या प्रश्नाकडे आपण परत येऊ. कायद्याने मनुष्याचे अंतःकरण पालटत नाही, हे आम्हीही मान्य करितो. परंतु ज्यांची अंतःकरणे पालटली आहेत असे म्हणवितात, त्यांस कायदा एक प्रश्न विचारतो, आणि तो पुष्कळ जुना आहे. शेतात एक भाऊ पडला होता, आणि दुसऱ्यास विचारले गेले की, तो कोठे आहे? त्याने उत्तर दिले, मी काय त्याचा राखणदार आहे? आज तो प्रश्न एका मुलीविषयी आहे. तिचे नाव तुमच्या रविवारच्या शाळेच्या हजेरीत आहे. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी हजेरी घ्याल तेव्हा ती आली नाही, तर पुढचे नाव वाचण्याच्या आधी थांबा, आणि ती कोठे आहे असे विचारा.